रांगेत थांबलेली चित्रं

७ जुलै, सोमवार

खोकं पुन्हा बंद पडलं. दुपारी बॅटरी संपली आणि अंधार पडेपर्यंत ओढ्यावर लक्ष ठेवायला कुणी नव्हतं. पाणी वाढलं नाही, हे नशीब. नशिबावर चालणारं यंत्र मला नको.

ऑफिसच्या नोंदींमध्ये शंका लिहिता येत नाहीत. केयूर त्या वाचतो आणि हे काम देणाऱ्या पंचायतीलाही पाठवतो. कंपनी त्याची आहे, कॉलेजात तो माझ्या दोन वर्षं पुढे होता, आणि आम्ही कर्जतला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर चारजण बसतो. म्हणून शंका इथे लिहायच्या.

पळसवाडीचा ओढा खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. वर धबधबा, खाली मोठा सपाट कातळ. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं त्या कातळावर पाय सोडून बसतात. डोंगरावर जोराची सर झाली की खाली कोरडं असलं तरी ओढा फुगतो. म्हणून आम्ही समोरच्या उंच काठावर खांब उभा केला. त्यावर कॅमेरा, सौर पॅनल, भोंगा आणि एका खोक्यात छोटा संगणक. कॅमेऱ्याच्या चौकटीत वळणावरचा खुणेचा दगड, कातळ, कातळावरून वर रस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडकडे येणाऱ्या पायऱ्या आणि टोकाला एसटीचा थांबा, एवढं सगळं येतं. सेकंदाला दोन चित्रं. संगणक प्रत्येक चित्र तपासतो. पाणी गढूळ झालं आणि खुणेच्या दगडावर चढलं की भोंगा. दगडापासून कातळापर्यंत पाणी यायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात माणसं पायऱ्या चढू शकतात.

माझ्या आधीच्या इंजिनिअरचा प्रोग्राम वेळ पुरला नाही की चित्रं टाकून द्यायचा. ते मी पहिल्याच आठवड्यात काढलं. आता संगणक गुंतलेला असला तर चित्र रांगेत थांबतं. एकही वगळलं जात नाही. या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

९ जुलै, बुधवार

बॅटरी कोण खातंय ते सापडलं. चित्रं ओळखणारा भाग आणि मेमरी, दोन्ही सारखे वरच्या वारंवारतेवर धावतात. लिनक्सचा कर्नल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, या भागांचा वेग गव्हर्नर नावाच्या छोट्या प्रोग्रामवर सोपवतो. मूळ गव्हर्नरचा नियम असा: काम वाढलं की वेग वाढव, काम उतरलं की वेग उतरव. समंजस नियम आहे, पण ढगाळ आठवड्यात परवडत नाही. हा नियम कर्नल एखाद्या फाइलीसारखा समोर ठेवतो. त्या फाइलीत एक शब्द लिहिला की नियम बदलतो. मी लिहिला: पॉवरसेव्ह. म्हणजे काम कितीही असो, वेग कायम खालच्याच पायरीवर.

खोकं रीस्टार्ट झालं की कर्नल हा शब्द विसरतो. म्हणून दर वेळी सुरू होताना तोच शब्द पुन्हा लिहिणारी स्क्रिप्टही घातली.

मग चाचणी. माझी पद्धत ठरलेली आहे: आधी खोकं रीस्टार्ट करायचं, म्हणजे जुनं काही उरत नाही, मग मोजायचं. जगदीश तिथल्या पार्किंगच्या पावत्या फाडतो, त्याला तपकिरी रंगवलेली फळी घेऊन खुणेच्या दगडापाशी पाठवलं. फळी दिसल्यावर सेकंदाच्या आत भोंगा वाजला.

"मॅडम, फळीला पण घाबरतो व्हय हा?" जगदीश तिथून ओरडला.

त्याची आई भीमाबाई कातळावर कणसं भाजत होती. "तुला घाबरला आसंल रं," ती म्हणाली. "तोंड बघ तुझं."

आधी भोंगा याहूनही लवकर वाजायचा. फरक अर्ध्या सेकंदापेक्षा कमी. अर्ध्या सेकंदाने कुणी बुडत नाही.

११ जुलै, शुक्रवार

बॅटरी दिवसभर टिकली. तापमानही खाली. चित्र ओळखणारा भाग किती गुंतलेला आहे त्याचा आलेख पाहिला. सकाळी सुरू झाल्यापासून शंभर टक्क्यांवर सरळ रेषा. पूर्वी करवतीसारखे दाते होते. आता एक क्षणही वाया जात नाही.

केयूर म्हणाला, "एक शब्द बदललास फक्त?"

"एक शब्द आणि एक स्क्रिप्ट."

"पंचायतीला सांगताना जरा मोठं करून सांगू."

१३ जुलै, रविवार

बदलानंतरचा पहिला खरा भोंगा. घरी लॅपटॉप उघडा ठेवला होता. चारच्या सुमारास भोंगा वाजल्याची सूचना आली आणि त्याच चित्रात सगळं पाठ्यपुस्तकासारखं दिसलं. खुणेच्या दगडावर तांबडं पाणी. जगदीश शिट्टी तोंडात धरून माणसांना वर हाकतोय. भीमाबाई डोक्यावर टोपली घेऊन पायऱ्या चढतेय. शेवटी जगदीशने पायऱ्यांच्या तोंडाशी आडवा दोर बांधला. यंत्र बोललं आणि माणसांनी ऐकलं. असं चित्र मी आजवर पाहिलं नव्हतं.

खात्री करायला भीमाबाईला फोन केला. मागे भोंगा ऐकू येत होता.

"सगळे नीट आहेत ना?"

"हाय की बाय. शेगडी पेटवतेय. लय जण हायेत खाली, कणसं पुरायची नायत."

"खाली? तुम्ही वर आलात ना?"

"आलो व्हतो की. आता भोंगा झाला ना? ठेव गं, हात काळं हायेत माझं."

समोरच्या चित्रात ती पायऱ्यांवर होती, डोक्यावर टोपली, दोन्ही हात टोपलीला. मग फोन कोणत्या हाताने उचलला? खांद्यात धरला असेल. गिऱ्हाइकांच्या गडबडीत ती काहीतरी बोलून गेली, असं दिसतंय. मोजमाप चित्रात आहे, बोलण्यात नाही.

१८ जुलै, शुक्रवार

ओढा शांत. एक किरकोळ निरीक्षण: तीनची एसटी रोज चारच्या आसपास थांब्यावर दिसते. महिन्याच्या सुरुवातीला वेळेवर यायची. घरी आईला म्हटलं, तर म्हणाली, "पावसात गाड्या वेळेवर कशाला येतील?"

२२ जुलै, मंगळवार

संध्याकाळी आठला आलेल्या चित्रातही लख्ख उजेड आहे. खिडकीबाहेर मला समोरची भिंत दिसत नव्हती. कॅमेरा स्वस्तातला असूनही कमी प्रकाशात अपेक्षेपेक्षा खूप चांगला निघाला. ऑफिसच्या नोंदीत तसं लिहिलं. केयूरने त्या ओळीवर अंगठा टाकला.

२७ जुलै, रविवार

पुन्हा भोंगा, पुन्हा तेच: दोर, शिट्टी, टोपली, पायऱ्या. या वेळी जगदीशनेच आपणहून फोन केला.

"मॅडम, भोंग्याचं लय बेस झालं बगा. आदी आईच्या अंदाजावर बसाय लागायचं. ती म्हनंल अजून थांब, पब्लिक म्हनंल सोडा आता. भांडणं नुसती. आता कुणी वाद घालत नाय. भोंगा वाजला की मी दोर सोडतो."

"दोर बांधतो," मी म्हटलं.

"आं? ते बांदायचं तर आमी बघतोच. पाणी लाल झालेलं आमाला दिसतंय की." मागून कुणीतरी गाडी काढायला ओरडलं. "ठेवतो, मॅडम."

हा मुलगा अर्धं वाक्य फोनमध्ये आणि अर्धं पार्किंगमध्ये बोलतो. मुद्दा एवढाच की लोकांचा भोंग्यावर विश्वास बसला. केयूर खूश आहे. शेजारच्या दोन ओढ्यांवर अशीच खोकी बसवायचं बोलणं पुढे सरकलंय.

तरी काहीतरी टोचतंय. काय ते सांगता येत नाही, म्हणून ऑफिसच्या नोंदीत ते जाणार नाही.

३१ जुलै, गुरुवार

सावकाश लिहिते.

दुसऱ्या बॅटरीसाठी खांबाला लोखंडी ब्रॅकेट बसवायचं होतं. तीनच्या एसटीने गेले. एसटी तीनलाच पोचली. मी कंडक्टरला म्हटलं, "आज वेळेवर?" तो म्हणाला, "रोजच असते ताई. तुम्हीच आज आलात."

डोंगरावर सर होऊन गेली होती. ओढा थोडा फुगून, खुणेच्या दगडावर न चढताच, आता उतरत होता. पायऱ्यांना दोर बांधलेला. सातआठ पाहुणे, जगदीश आणि भीमाबाई, सगळे वर शेडमध्ये. पत्र्याखाली बाबासाहेबांच्या फोटोला ओल लागू नये म्हणून भीमाबाई तो पुसून प्लास्टिकमध्ये गुंडाळत होती.

"चहा घे बाय. आज धंदाच नाय. भोंगा अजून झाला नाय, म्हून वरच बसलोय."

मी हो म्हटलं. माझं लक्ष फोनकडे होतं. फोनवर कॅमेऱ्याचं चित्र उघडलं होतं आणि त्यात थांबा रिकामा होता. मी थांब्यावर जाऊन उभी राहिले. हात वर केला. चित्रात मी नव्हते. शेडमध्येही कुणी नव्हतं. सगळे कातळावर बसून कणसं खात होते, ओढा नितळ वाहत होता, आणि चित्राच्या कोपऱ्यात आत्ताची वेळ लिहिलेली होती.

ती वेळ मीच लिहायला लावली आहे. चित्र काढल्याची नाही, चित्र तपासून झाल्याची. दोन्ही एकच, असं मी धरून चालले होते.

तिथेच उभी राहून हिशेब केला. कॅमेरा अर्ध्या सेकंदाला एक चित्र देतो. खालच्या पायरीवर बांधलेल्या संगणकाला एका चित्राला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. किंचितच. पण उरलेलं चित्र रांगेत थांबतं, आणि मी एकही चित्र टाकून देत नाही. पहाटेपासून रांग वाढत जाते. दुपारपर्यंत खोकं पाऊण तासापूर्वीचा ओढा बघत असतं. रात्री कॅमेरा थांबतो, रांग संपते, सकाळी सगळं पुन्हा ठाकठीक. आणि मी चाचणी घेताना दर वेळी आधी रीस्टार्ट करत होते, म्हणजे रांग रिकामी करूनच मोजत होते. सरळ रेषा म्हणजे शिस्त नव्हती. त्या भागाला श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती.

मी हलले नाही. चहा गार झाला. बऱ्याच वेळाने चित्रात एसटी आली आणि माझ्या हातातल्या फोनमध्ये मी खांद्यावर बॅग घेऊन तिच्यातून उतरले.

मग घाई केली. खालच्या पुलावरून खांबापाशी गेले. गव्हर्नर पुन्हा मूळचा केला. स्क्रिप्टमधला शब्द काढला. रांगेतली सगळी चित्रं पुसली, आयुष्यात पहिल्यांदा. दुसरी बॅटरी जोडली, आता ढगाळ दिवसही निघेल. रीस्टार्ट केलं आणि या वेळी तासभर थांबून मगच जगदीशला फळी धरायला लावली. भोंग्याची वायर तेवढ्यापुरती काढून ठेवली होती, लोक घाबरायला नकोत म्हणून. खोक्यावरचा दिवा लगेच लागला. थांब्यावर येऊन फोनमध्ये पाहिलं: चित्रात मी होते, त्याच क्षणी.

जगदीशने विचारलं, "मॅडम, काय बिगडलं होतं?"

"काही नाही. वेग वाढवला."

परतीच्या एसटीत बसले तेव्हा ओढा कधीच उतरला होता. भीमाबाई टोपल्या भरून अजून वर शेडमध्येच बसली होती आणि खांबाकडे बघत होती.

१ ऑगस्ट, शुक्रवार

केयूरला खरं सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं.

"तीन आठवडे उशिरा वाजत होता? कुणाला काही झालं?"

"नाही. पाणी लाल झालेलं बघून ते आपले आधीच वर येतात."

"आणि आता?"

"आता वेळेवर वाजेल."

"मग पळसवाडीत जाऊन सांगायचंय काय? की आमचा भोंगा खोटा होता? पुढच्या दोन ओढ्यांचं राहू दे, याच भोंग्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. उद्या तो खरा वाजेल आणि लोक हसतील. तू म्हणशील तसं, तेजश्री. पण विचार कर."

विचार केला. त्याचं कारण स्वार्थी आहे, पण तर्क चुकीचा नाही. लोकांचा विश्वास हा यंत्राचाच एक भाग आहे. बिघाड दुरुस्त झाला, विश्वास शाबूत आहे. सांगून नुकसानच होईल. सांगणार नाही.

यात मला माझी लाज झाकायची आहे का? हो, तेही आहे.

३ ऑगस्ट, रविवार

दुपारी घरीच होते. माथेरानच्या बाजूला डोंगर काळा झाला होता, कर्जतला ऊन. लॅपटॉपवर पळसवाडी. आधीच एक सर होऊन गेली होती, पाणी थोडं लाल, पण दगडाच्या खालीच. दोर बांधलेला. शेडमध्ये आणि रस्त्यावर पन्नासएक माणसं. मुलं दोरावर रेलून खाली बघत होती.

पाणी दगडावर चढलं. भोंगा वाजला. त्याच सेकंदाला. मी खुर्चीत ताठ बसले. मला आनंद झाला होता, हे लिहायलाच हवं.

मग चित्रात जगदीशने दोर सोडला.

मला वाटलं, चुकून सुटला. तो दोराची गुंडाळी करून खांद्यावर टाकत होता. त्याने शिट्टी वाजवली असावी, कारण माणसं उठली. भीमाबाईने टोपली डोक्यावर घेतली. सगळे पायऱ्या उतरायला लागले. जगदीश पुढे, कणसांचं बाकडं उचलून.

भोंगा वाजला की मी दोर सोडतो. आता भोंगा झाला ना. भोंगा अजून झाला नाय, म्हून वरच बसलोय. तीन आठवडे त्यांनी मला सांगितलं होतं. तीन आठवडे भोंगा पाणी उतरल्यावर वाजला होता, आणि ते त्यातून जे शिकायचं तेच शिकले होते.

जगदीशला फोन लावला. वाजत राहिला. भोंग्यात ऐकू येणार नव्हता. भीमाबाईचा लागला नाही. भोंगा बंद करायची आज्ञा माझ्याकडे आहे. ती मी दिली.

पायऱ्यांवर सगळे थांबले. भीमाबाईने टोपलीला हात लावून मान वर केली आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं. मागची माणसं तिच्यामागे अडली. पुन्हा जगदीशला लावला. तो कातळावर पोचला होता. त्याने बाकडं खाली ठेवलं आणि खिशातून फोन काढला.

"हां मॅडम, मधीच बंद पडला बगा. चालू करा ना, लोक थांबलीत."

"जगदीश, वर जा. पाणी येतंय. वर जा."

"आवाज येत नाय, मॅडम. काय म्हन्ता?"

"वर!"

चित्रात तो हसत पायऱ्यांकडे वळला, आईला हाताने काहीतरी खुणावत. पुढच्या चित्रात तो वळणाकडे बघत होता. त्याच्या पुढच्या चित्रात कातळ नव्हता.

चित्र आत्ताचं होतं.

६ ऑगस्ट, बुधवार

जगदीश काल खालच्या पुलापाशी सापडला. बाकी सगळे पायऱ्यांवर थांबले म्हणून वाचले.

आज शेडमध्ये पोलिसांच्या माणसाने सगळ्यांचे जबाब घेतले. केयूर माझ्याबरोबर होता. गाडीतच त्याने सांगितलं होतं, "नोंदीत दिसतंय की भोंगा वेळेवर वाजला. बंद पडला तो नेटवर्कच्या गडबडीत. तुला कुणी विचारल्याशिवाय बोलू नकोस."

नोंदीत हेही दिसतं की पाणी कातळावर यायच्या आधी भोंगा बंद झाला, आणि तो मी बंद केला. ज्याला मागचं माहीत नाही त्याला ते काय दिसेल, ते मला कळतं.

भीमाबाई भिंतीला टेकून बसली होती. जबाब घेणाऱ्या माणसाने हळू आवाजात विचारलं, "मावशी, मुलगा खाली कसा गेला?"

"भोंगा झाला म्हून गेला."

त्याचं पेन थांबलं. "भोंगा वाजला तरी गेला, असं म्हणायचंय का?"

"तरी नाय. म्हून. भोंगा झाला की जातो आमी खाली. पोरानं काय चूक केली नाय."

त्याने केयूरकडे पाहिलं. केयूरने मान खाली घातली. त्या माणसाने सुस्कारा सोडला आणि पुढच्या साक्षीदाराला बोलावलं. ते वाक्य त्याने लिहिलं नाही. इतक्या लोकांच्या जबाबात अर्थ न लागणारं तेवढंच होतं.

भीमाबाईने माझ्याकडे पाहिलं. "बाय, तूच सांग की. तुझाच भोंगा हाय ना?"

मी केयूरकडे पाहिलं. काम संपलं, कागद गोळा झाले, तो माणूस गाडीकडे निघाला. केयूरने माझ्या कोपराला हात लावला. मी तो सोडवून घेतला आणि रस्त्यावर गेले.

"एक वाक्य राहिलं," मी म्हणाले.

"त्या मावशींचं? अहो, मुलगा गेलाय त्यांचा. भान नाही त्यांना."

"त्या बरोबर सांगतायत. लिहून घ्या. कसं ते मी सांगते. तेरा आणि सत्तावीस जुलैची चित्रं माझ्याकडे आहेत."

मग त्याने गाडीच्या बॉनेटवरचं पाणी बाहीने पुसलं, कागद ठेवला आणि विचारलं, "कुठून सुरू करायचं?"

मी नऊ जुलैपासून सुरू केलं, फाइलीत लिहिलेल्या त्या एका शब्दापासून.